तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

रोलंडला जाऊन महिना झाला, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात हिलरीला बाथ शहरातल्या एका हॉटेलचं पत्र सापडलं. ‘यंदाही मार्चमध्ये तुमची दोघांची खोली राखून ठेवली आहे.’ हिलरी त्या हॉटेलात कधीच गेली नव्हती.

तिने माहेरचं आडनाव सांगितलं आणि बाथमधल्या त्या अडीचशे वर्षं जुन्या हॉटेलात उतरली.

“रोलंड गेले? अरेरे!” अंडी आणि टोस्ट पुढे ठेवत मालकीणबाई मिसेस पॉमफ्रे म्हणाल्या. “वीस वर्षं दर मार्चमध्ये यायचे. काय प्रेमळ जोडपं हो! जिना चढतानासुद्धा ते तिचा हात सोडायचे नाहीत. तुमच्या ओळखीचे होते?”

“थोडेफार,” हिलरी म्हणाली.

न्याहारीनंतर तिने तिसऱ्या मजल्यावरची ती खोली पाहिली. दोन खिडक्या, एक पलंग. इथे वीस वर्षं! ती रस्त्यावर आली आणि तिने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याला खिडक्या तीन होत्या.

“ती तिसरी खोटी आहे,” पायऱ्या झाडणाऱ्या मिसेस पॉमफ्रे हसून म्हणाल्या. “आत नुसती भिंत. शोभेसाठी विटांवर काळ्या काचा रंगवल्यात.”

त्या रंगवलेल्या काचांमागे रोलंड उभा होता. त्याच्या खांद्यावर एका बाईचा हात होता. चाळीस वर्षं घरी बघायचा तसाच, कंटाळून, त्याने हिलरीकडे पाहिलं.

मग त्याने पडदा ओढून घेतला.