थांबलेली फाइल

“काका, यावर क्लिक करू ना?” धम्मपालनं विचारलं आणि निवृत्ती खुर्चीतून अर्धे उठलेच.

“नको! म्हणजे... ते नुसतं बंद कर. उघडू नकोस.”

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ती चौकट पुन्हा उगवली होती. डिस्कवर, म्हणजे सीडीवर, लिहायच्या फाइल्स थांबल्या आहेत, पाहायच्या असतील तर इथे क्लिक करा, असं ती इंग्रजीत सांगायची. गेले अठरा दिवस कॉम्प्युटर सुरू केला की ही हजर. निवृत्ती फुली दाबून तिला घालवायचे. थोड्या वेळानं ती परत यायची.

अठरा दिवसांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या गोजराबाईला एका गाडीनं उडवलं होतं. तिचा पाय मांडीत मोडला. गाडी होती जीवनची. कोपऱ्यावर ऑफिस थाटून तो प्लॉटचे व्यवहार करायचा, आणि गल्लीत त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. तो म्हणाला, बाई चक्कर येऊन आपोआप पडली, माझी गाडी तिथं नव्हतीच. होती, हे फक्त निवृत्तींच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यानं पाहिलं होतं. “कागदांना जोडायला सीडी लागेल, काका. पेनड्राइव्ह नको,” असं हवालदार सांगून गेला. निवृत्तींनी त्याच दुपारी तेवढं चित्रण कॉम्प्युटरवर घेतलं, सीडीच्या ड्राइव्हमध्ये ओढून टाकलं आणि कोरी सीडी आणायला चपला घातल्या.

फाटकाशीच जीवन उभा होता. छान हसत होता.

“काका, काकू रोज सकाळी एकट्याच फिरायला जातात ना? गल्लीत गाड्या लय वाढल्यात. सांभाळून जा म्हणा त्यांना.”

निवृत्ती सीडी न आणताच मागे फिरले. चौकीत फोन करून म्हणाले, कॅमेरा त्या दिवशी बंद होता. रेकॉर्डरमधलं पुसलं, डेस्कटॉपवरचं पुसलं, रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. तरी चौकट येतच राहिली. म्हणजे फाइल या मशीनच्या पोटात कुठेतरी होतीच! ओझरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं विमानांचे पत्रे जोडलेला हा माणूस, साहेबालाही तोंडावर सुनावणारा. पण या बोटभर चौकटीनं त्यांची पार गाळण उडवली होती. दारापुढे गाडी थांबली की ते पडद्याआडून बघायचे. बायको, लताबाई, सकाळी फिरायला निघाल्या की त्या परत येईपर्यंत ते खिडकीशीच उभे राहायचे. लताबाईंना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आणि आज नेमकं लताबाईंनीच धम्मपालला बोलावून ठेवलं होतं. कुठला धम्मपाल, तर ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जीवनच्या ऑफिसला भिंतीला भिंत लागून होतं!

“उघडल्याशिवाय कळणार कसं, काका?” म्हणत धम्मपालनं क्लिक केलंच.

निवृत्तींनी डोळे मिटून घेतले. आता याला गाडी दिसणार, नंबर दिसणार. चहा पिता पिता हा कुणाजवळ तरी बोलणार, आणि संध्याकाळपर्यंत ते भिंतीपलीकडे पोचणार.

“रिकामं आहे की हे,” धम्मपाल म्हणाला. “सिस्टीमची एक फुटकळ फाइल मागे राहिलीये, एरवी दिसत नाही ती. तिच्यापायी कॉम्प्युटर बिचारा रोज आठवण करत होता. उडवली. आता नाही येणार.”

“आणि आधीची? आधी होती ती फाइल?”

“ती लिहून झाली असणार. सीडी तयार झाली की आतलं आपोआप रिकामं होतं.”

धम्मपाल बॅग उचलून गेला. निवृत्ती तिथंच बसून राहिले. सीडी कुणीतरी लिहिली होती, आणि त्यांनी लिहिली नव्हती. घरात माणसं दोनच. मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात लताबाई उभ्या होत्या.

“मी लिहिली,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटरनं क्लिक करा म्हटलं, मी केलं. पुढचं सगळं तोच विचारत गेला. शाळेच्या माहित्या ऑनलाइन भरण्यात माझी अर्धी नोकरी गेली, एवढं काय अवघड होतं? झेरॉक्सवाल्याकडून सीडी आणली नि मागच्या बुधवारी चौकीत देऊन आले. म्हटलं, कॅमेरा चालूच होता, यांनी नीट पाहिलं नसेल. पण ती चौकट काही जाईना. ती आली की तुम्ही दचकायचात. बघवेना मला.”

“अगं, पण तो जीवन काय म्हणाला माहितीये का तुला?”

“माहितीये. मलाही म्हणाला. माझ्या बाजूनं गाडी हळू चालवत.”

बुधवारनंतरही ही रोज सकाळी त्याच गल्लीतून फिरायला गेली होती.

“तरी जात राहिलीस?”

“एकदम बंद केलं असतं तर त्याला संशय आला असता.”

काय बाई आहे ही, निवृत्तींना वाटलं. तीस-पस्तीस वर्षं हिच्याबरोबर काढली आणि हिला भीतीच वाटत नाही हे आपल्याला आज कळतंय. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. मान खाली होती म्हणूनच त्यांना लताबाईंचे हात दिसले. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं.

“उद्या अकराला चौकीतल्या साहेबांनी जबाबाला बोलावलंय,” लताबाई म्हणाल्या. “एकटीनं जायची फार भीती वाटते हो मला. याल का बरोबर?”