चोरून नेलेली फांदी

राणीच्या बागेतल्या जुन्या पांढऱ्या चाफ्यासमोर थांबून शलाका खोडावरच्या, झाडाला बोलतं करणाऱ्या स्पीकरपाशी उगाचच म्हणाली, "नमस्कार."

"अगं शलाका! आज रविवार नाही, तरी कशी बोललीस?" झाडाने विचारलं.

ती दचकली. या बागेत ती पहिल्यांदाच येत होती. आईचं दिवसकार्य आटोपून, सकाळी घराला कुलूप लावून ती निघाली होती. बंगळुरूच्या विमानाला वेळ होता, एवढंच.

"हा मला कसा ओळखतो?" तिने बागेत काम करणाऱ्या बाईंना विचारलं.

बाई हसल्या. "घरी चाफा असेल ना? चोरून नेलेली फांदी हमखास जगते म्हणून सगळेच इथून नेतात. पण फांदी कुठेही लावा, ती ऐकते ते या झाडाला कळतंच."

आई गॅलरीतल्या कुंडीशेजारी बसायची. शलाकाचा रविवारचा फोन नेहमी स्पीकरवर.

झाड गोंधळून पुन्हा बोललं, "मधे घरात पुष्कळ माणसं होती, पण गॅलरीत कुणी फिरकलं नाही. आज तर सगळं चिडीचूप आहे. शलाका, तू पुढच्या महिन्यात येणार होतीस ना? आलीस की आईला सांग, कुंडी पार सुकली आहे म्हणून."