उलटा पोहणारा मासा

गावाला निघताना सूनबाईंनी शेजारच्या मावशींना फिशटँकसमोर उभं केलं आणि नव्या माशाची शिकवणीच घेतली. "हा कॅटफिश उलटाच पोहतो. पोट वर दिसलं म्हणून मेला असं समजू नका. दिवसा लाकडाखाली पडून असतो, दिवा मालवला की खायला निघतो. हीटर बंद करायचा नाही. पाणी बदलाल तर थोडंच, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं." बाळंतिणीचंही कुणी एवढं करत नाही, असं मावशींच्या मनात आलं. पण त्या नुसत्या मान डोलावत राहिल्या.

"आणि बाबांचं काय?" त्यांनी विचारलं.

"ते रुसलेत," मुलगा बूट चढवत म्हणाला. "सोबत नेत नाही म्हणून काल संध्याकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. आत्ता दारातून हाक मारली, तर साधी ओ दिली नाही. राग उतरला की उठतील. भूक कुणाला चुकलीय! त्यांची नका काळजी करू, मासा तेवढा जपा."

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत सूनबाई खिडकीतून ओरडत होत्या, "काचेवर टकटक करू नका हं, घाबरतो तो!"

मावशींनी आधी चहा टाकला आणि कप घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. मग कप तिथेच टाकून धावत सुटल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आल्या.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याचा हात हलकेच खाली ठेवला.

"मावशी, हे काल रात्रीच गेलेत."