आम्ही फक्त ऐकू

भर चौकात पाच खुर्च्या मांडून ती आणि तिच्या कलाग्रुपमधली चार पोरं बसली होती. अंगात सारखेच पायघोळ पांढरे झगे, तोंडावर पांढरं कापड. उघडे फक्त मांडीवरचे तळहात. शेजारी पाटी होती, 'मनातलं सांगा. आम्ही फक्त ऐकू.' काही झालं तरी बोलायचं नाही, हलायचं नाही, हा ग्रुपचा नियम तिनेच हट्टाने करून घेतला होता.

दुपारी तिच्या पुढ्यात कुणीतरी येऊन बसलं, खोकलं, आणि तो खोकला तिने लगेच ओळखला. बाबा! तिच्या कलेला 'नसते उद्योग' म्हणणारे बाबा इथे कुठे?

"डॉक्टरांनी हात टेकलेत," ते हळूच म्हणाले. "फार तर दोन-तीन महिने. बायकोला सांगून झालं, पण पोरीला कसं सांगू? मी तोंड उघडायचा अवकाश, रडून घर डोक्यावर घेते. पुरतं ऐकूनच घेत नाही."

कापडाआड तिने ओठ दाताखाली दाबून धरले. ही आपलीच पोर, हे त्यांना कळता कामा नये.



उठताना बाबांनी तिच्या उघड्या तळहातावर सकाळी ती घरी विसरलेला चष्मा ठेवला.