साखरेवरची रेघ

जोहान्सबर्गच्या त्या घरात गोरी मॅडम दर शनिवारी साखरेच्या बरणीवरच्या कागदी पट्टीवर पेन्सिलने रेघ ओढायची, मोलकरणीने चमचाभर लांबवली तर कळावं म्हणून. "विश्वास आहे गं मेरी, पण रेघ असलेली बरी." मोलकरणीचं खरं नाव नोमालिझो, पण ते म्हणायला मॅडमची जीभ वळत नाही म्हणून ती तीस वर्षं मेरीच राहिली. आता मॅडमला मधुमेह जडला होता. परदेशी जाताना मॅडमच्या मुलाने साखरेच्या कपाटाची किल्ली नोमालिझोकडे सोपवली. आज कपाट उघडं राहिलं. ती अंगणातून परतली तेव्हा मॅडमच्या हनुवटीवर साखरेचे दाणे चिकटले होते. "माझ्याच घरातली साखर खाल्ली ना?" मॅडम तडकली. "घर तुमचंच, मॅडम. किल्ली माझ्याकडे." नोमालिझोने पेन्सिल उचलली. मॅडमचा आवाज उतरला. "रेघ नको गं, नोमालिझो." जीभ अगदी व्यवस्थित वळली होती. "विश्वास आहे, मॅडम," म्हणत तिने रेघ ओढली.