चार दाणे
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी आलेल्या शेजारच्या निकितानं सहज विचारलं होतं, “वहिनी, तुमचं माहेर कुठलं?” मिनोतीनंही सरळ सांगितलं, “बांगलादेशात, खुलना.” आज तीच निकिता पोलिसांच्या वर्दीत सातपूरच्या त्याच घराच्या दारात उभी होती, सोबत दिल्लीचे इमिग्रेशनवाले साहेब. मिनोतीचा नवरा वकिलाकडे धावला होता. “काकू, साहेब थांबणार नाहीत,” निकिता खाली बघत म्हणाली. “मिनोती माहेरी चाललीय ना? मग रिकामी कशी पाठवू?” असं म्हणत वत्सलाबाईंनी सुनेला कुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ घालून ओढणीत तिची ओटी भरली. गाडीनं हॉर्न वाजवला. “आता चार दाणे माघारी टाक ताटात,” सासूबाई ताट पुढे करत म्हणाल्या, “म्हणजे पुन्हा येणं होतं.” मिनोतीनं बाहेरच्या गाडीकडे पाहिलं. नारळ काखेत धरून तिनं सगळी ओढणी ताटात रिकामी केली आणि एकही दाणा अडकू नये म्हणून झटकली.