कॉलर, बाह्या, पाठ

डोळे मिटा पाहू, आणि एक खोली डोळ्यांसमोर आणा. मधोमध गुळगुळीत, रिकामं टेबल. पलीकडे चष्मा लावलेल्या परीक्षक बाई, अलीकडे आई. तुमचीच आई समजा. बाईंनी फ्रेंचमध्ये अगदी साधा प्रश्न विचारला आहे, तुमच्या घरी कोण कोण असतं? आणि आईची दातखीळ बसली आहे. तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर आहात. तोंड उघडायचं नाही, असं तुम्हाला आधीच बजावलेलं आहे.

बसलात? आता उठा, आणि तिथे भिंगरीला बसू द्या. कारण ती आई तिची होती.

भिंगरी शाळेतून परस्पर तिथे आली होती. खेळाच्या तासाला काढलेला गणवेशाचा शर्ट तिने बोळा करून दप्तरात कोंबला होता. जिना चढताना तो आईला दिसला. "इस्त्रीवालीची लेक ना गं तू? शोभतं का हे?" आई म्हणाली होती. तेव्हा तिला चांगलं बोलता येत होतं.

आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. घरचं आवरून दुकान, दुकानातून आली की पुन्हा घर. पाठ टेकायला फुरसत नाही, आणि अशात तिने फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. आजीने कपाळावर हात मारला.

"त्यांच्या देशात जायचंय का तुला?"

"नाही."

"मग उपयोग काय?"

"उपयोगाचं सगळं करतेच की मी, सासूबाई. हे एक बिनउपयोगाचं, माझं."

दुकानाच्या सुट्टीला वर्ग असे. बाकी दिवस कानात धडे आणि हातात इस्त्री. मालक चिडवायचे, "मडमबाई, या नादात गिऱ्हाइकाची पँट जाळाल!" आई म्हणायची, "जळली तर फ्रेंचमध्ये माफी मागेन." पँट कधी जळली नाही.

वही उघडायला वेळ नव्हता, म्हणून आईने सगळा अभ्यास शर्टावर मांडला. कॉलरवर स्वतःचं नाव-गाव. बाह्यांवर घरची माणसं. पाठ ऐसपैस, तिच्यावर कालची हकीकत. आणि बटणपट्टीवर, एकेक बटण चुकवत, प्रश्न विचारायचे. शर्ट घडी होऊन बाजूला पडेपर्यंत धडा पुरा. भिंगरी कपड्यांच्या टोपलीवर बसून ऐकायची. तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण कुठल्या जागी काय असतं, ते पाठ झालं होतं.

जेवताना मात्र घोटाळा व्हायचा. "आई, 'माझी मुलगी शाळेत जाते' हे म्हण ना," भिंगरी म्हणायची, आणि आई हातात घास धरून नुसती बघत राहायची.

"पालथ्या घड्यावर पाणी!" आजी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुकानात आई एका बाहीवर तेच वाक्य खडाखडा म्हणायची, आणि मग डोळे मिचकावून सांगायची, "हे बघ, कालचं." काल का आलं नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. दोघी हसायच्या आणि सोडून द्यायच्या.

आजी मात्र सोडून देणारी नव्हती. "पास नाही झालीस तर हे खूळ बंद. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली. "पण पास झाले, तर 'उपयोग काय' हा प्रश्न या घरात पुन्हा निघायचा नाही. तुम्हाला कबूल?"

आजीने खुशाल मान हलवली. ताटावरची आई तिने रोज पाहिली होती.

आणि आता तीच, ताटावरची आई, बाईंसमोर बसली होती. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. त्यातला एक शब्द भिंगरीने ओळखला, बाह्यांवरचा. आई खाली बघत राहिली. बाईंनी चष्मा सारखा केला. पेनाचं टोपण काढलं.

भिंगरीला रडू फुटायच्या बेतात होतं. म्हणून तिने मान खाली घातली, आणि तिला टेबलाखाली आईचे हात दिसले. उजवी मूठ गुडघ्यावर पुढे-मागे, पुढे-मागे सरकत होती. डावा हात काहीतरी ताणून धरायला धडपडत होता, आणि त्याला काहीच सापडत नव्हतं.

भिंगरी उठली आणि तडक टेबलापाशी गेली.

"ए बाळ, जागेवर बस!" बाई म्हणाल्या. "परीक्षेत मदत चालत नाही."

"मदत नाही करत, बाई. मला फ्रेंच कुठे येतं?" भिंगरी म्हणाली. "माझी आई इस्त्रीवाली आहे. मी कपडा टाकायला आलेय."

आणि बाई काही बोलायच्या आत तिने दप्तरातून शर्टाचा बोळा काढला, त्या गुळगुळीत टेबलावर झटकून पसरला, आणि कॉलर नाही, पाठ नाही, बाही तेवढी आईच्या हाताखाली सरकवली.